जनसंपर्काचा आराखडा : ध्येय कुठे संपते आणि उद्दिष्ट कुठे सुरू होते

पल्स पोलिओच्या फेरीत घरोघर जाणारे पथक एखादे घर सोडताना त्याच्या दारावर किंवा भिंतीवर खडूने एक खूण करीत असे. घरातील पाच वर्षांखालील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, आणि एखादे जरी मूल राहिले असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’ का पडला याचेही कारण नोंदवले जाई : मूल आजारी होते, गावाला गेले होते, घराला कुलूप होते, की घरच्यांनी डोस द्यायलाच नकार दिला. जनसंपर्काचे नियोजन शिकणाऱ्या प्रत्येकाने ही खूण लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते. देशभर पसरलेल्या एका अवाढव्य मोहिमेतील संवादाचे यश ‘या गल्लीत गेल्या फेरीला नकार देणारी किती घरे होती आणि या फेरीला किती उरली’ इतक्या साध्या, मोजता येणाऱ्या प्रश्नावर आणून ठेवण्याचे काम त्या खडूने केले. आपल्याकडील बहुतेक संस्थांच्या जनसंपर्क आराखड्यांत असा एकही प्रश्न सापडत नाही, आणि म्हणूनच वर्षअखेर त्या आराखड्यांचे नेमके काय झाले हेही कोणाला सांगता येत नाही.

ध्येय आणि उद्दिष्ट हे दोन शब्द बोलताना आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. आराखडा लिहिताना मात्र दोघांची कामे वेगळी ठेवावी लागतात. ध्येय म्हणजे संस्थेला शेवटी कुठे पोहोचायचे आहे याचे विधान. ते व्यापक असते, वर्षानुवर्षे तेच राहू शकते, आणि ते वाचून दिशा कळते. अंतर कळत नाही. उद्दिष्ट म्हणजे त्या वाटेवरचा असा टप्पा, की जो गाठला गेला की नाही हे ठरलेल्या दिवशी एखादा तिऱ्हाईत माणूसही तपासून सांगू शकेल. ही तिऱ्हाइताची कसोटी मला फार उपयोगी वाटते. जे विधान खोटे ठरण्याची काही शक्यताच नसते, ते कितीही सुंदर लिहिलेले असले तरी उद्दिष्ट नव्हे.

एक काल्पनिक पण आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. समजा, एका नगरपरिषदेला ओला आणि सुका कचरा वेगळा गोळा करायचा आहे आणि त्यासाठी जनसंपर्काचा आराखडा तयार करायचा आहे. ‘शहर कचरामुक्त व्हावे’ हे ध्येय झाले. ‘नागरिकांमध्ये कचरा वर्गीकरणाबाबत व्यापक जनजागृती करणे’ हे वाक्य उद्दिष्टाच्या शीर्षकाखाली नेहमी दिसते, परंतु ते उद्दिष्ट नाही. कोणते नागरिक, व्यापक म्हणजे किती, आणि जागृती झाली हे ओळखायचे कसे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. आता हे वाक्य पाहा : ‘प्रभाग ३ मधील जी ६०० घरे सध्या ओला आणि सुका कचरा एकत्र देतात, त्यांपैकी किमान ३०० घरांनी ३१ मार्चपर्यंत तो घंटागाडीत वेगवेगळा देण्यास सुरुवात केलेली असावी.’ यात माणसे ठरलेली आहेत, त्यांच्यात घडायचा बदल ठरलेला आहे, सुरुवातीची पातळी, अपेक्षित पातळी आणि तारीख ठरलेली आहे. १ एप्रिलला कोणीही घंटागाडीबरोबर फिरून हे वाक्य खरे की खोटे ते पाहू शकेल.

या वाक्यात एक गोष्ट मुद्दाम नाही, आणि तिच्या अभावाकडेच लक्ष द्यायला हवे. त्यात पत्रके नाहीत, पथनाट्य नाही, पत्रकार परिषद नाही आणि समाजमाध्यमांवरील चित्रफीतही नाही. या सर्व कृती आहेत, आणि त्या आराखड्यात नंतर येतात. उद्दिष्टानंतर आधी धोरण ठरते, म्हणजे या ६०० घरांपर्यंत कोणाच्या तोंडून आणि कोणत्या मार्गाने पोहोचायचे याचा विचार होतो, आणि मग त्या धोरणाला साजेशा कृती निवडल्या जातात. प्रत्यक्षात मात्र हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. ‘वर्षभरात वीस प्रसिद्धिपत्रके काढणे, चार पत्रकार परिषदा घेणे’ असे लिहिले जाते, ते सगळे मनापासून पार पाडलेही जाते, आणि प्रभागातला कचरा जसा होता तसाच घंटागाडीत पडत राहतो. काम करणाऱ्यांच्या कष्टांत काही उणे नसते. त्यांना गाठायचे ठिकाणच कोणी सांगितलेले नसते.

कामाच्या यादीला उद्दिष्ट समजण्याची ही सवय मोजमापाच्या एका जुन्या पद्धतीने अधिक घट्ट केली. वर्तमानपत्रांतील कात्रणे फाइलला लावायची, त्यांची लांबी कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजायची, त्या आकाराच्या जाहिरातीचा दर लावायचा आणि ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असा अहवाल वरिष्ठांपुढे ठेवायचा, ही पद्धत अनेक दशके चालली आणि अजूनही पूर्ण गेलेली नाही. २०१० साली बार्सिलोना येथे भरलेल्या मोजमाप परिषदेत जगभरातील जनसंपर्क व्यावसायिकांनी सात तत्त्वे मान्य केली. त्यांतील पहिलेच तत्त्व उद्दिष्टे ठरवणे आणि मोजमाप करणे यांच्या महत्त्वाविषयी आहे, आणि कात्रणांना जाहिरातीचा भाव लावून काढलेली रक्कम म्हणजे जनसंपर्काचे मोल नव्हे, असेही तेथे स्पष्ट म्हटले गेले. बातमी छापून आली हे आपण काय केले याचे उत्तर आहे. ती वाचून लोकांना काय कळले हा दुसरा प्रश्न, आणि कळल्यानंतर त्यांच्या मतात किंवा वागण्यात काय फरक पडला हा तिसरा. खरे उद्दिष्ट दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाच्या पातळीवर लिहावे लागते.

या पातळ्यांचा अर्थ पोलिओ मोहिमेत जितका स्पष्ट दिसतो तितका मला इतरत्र क्वचितच दिसला आहे. १९८८ साली जागतिक आरोग्य सभेने २००० सालापर्यंत जगातून पोलिओचे निर्मूलन करण्याचा ठराव केला. हे ध्येय. भारतात पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी डिसेंबर १९९५ मध्ये झाली, आणि त्या वेळी संवादापुढचे पहिले काम माहिती पोहोचवण्याचे होते : अमुक रविवारी, जवळच्या बूथवर, आधी कितीही डोस झालेले असले तरी मुलाला पुन्हा घेऊन या. हे काम उत्तम झाले. ‘दो बूंद जिंदगी की’ हे घोषवाक्य घराघरांत गेले, अमिताभ बच्चन यांनी दूरचित्रवाणीवरून पालकांना अक्षरशः रागावून बूथवर जायला सांगितले, आणि ‘पोलिओ रविवार’ हा शब्द महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतही रोजच्या बोलण्यातला झाला. जाणीव निर्माण करणे एवढेच उद्दिष्ट असते, तर मोहीम तिथेच यशस्वी म्हणून संपली असती.

परंतु २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुतेक उत्तर प्रदेशातील होते. नोंदी बारकाईने पाहिल्यावर दिसले, की पश्चिम उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत, विशेषतः गरीब मुस्लिम वस्त्यांमध्ये, डोस न मिळालेली मुले अधिक आहेत. त्या घरांना पोलिओ रविवार माहीत नव्हता असे नाही. या थेंबांमुळे मुले पुढे निपुत्रिक होतात अशी अफवा होती, आणि अफवेपेक्षाही खोल एक रास्त प्रश्न होता : ज्या वस्तीत ना नळाला पाणी, ना गटार, ना तापावर औषध द्यायला कोणी डॉक्टर, तिथे सरकार या एकाच औषधासाठी पुन्हा पुन्हा दार का ठोठावते? या प्रश्नाचे उत्तर आणखी मोठ्या फलकाने देता येत नाही. इथे उद्दिष्टाची पातळीच बदलावी लागते. लोकांना माहीत होणे ही एक पायरी, पटणे ही दुसरी आणि तसे वागणे ही तिसरी; पहिली पायरी चढून झालेल्या माणसाला पुन्हा पहिल्याच पायरीवरून हाक मारत राहिलो, तर तो ऐकत नाही, उलट त्याचा संशय वाढतो.

म्हणून संवादाचे लक्ष्य सबंध राज्यावरून ठरावीक वस्त्यांवर आणि वस्त्यांवरून ठरावीक घरांवर आले. युनिसेफ आणि तिच्या सहकारी संस्थांनी उत्तर प्रदेशात स्थानिक संवादकांचे जाळे उभारले. यात बहुतेक त्याच मोहल्ल्यात राहणाऱ्या बायका होत्या. एकेकीकडे काहीशे घरे असत आणि तिच्या वहीत प्रत्येक घरातील लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळे यांची नोंद असे. कोणत्या घराने नकार दिला आणि नकार कोणाचा आहे, आईचा, सासूचा की घरातील वडीलधाऱ्या पुरुषाचा, हे तिला माहीत असे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द यांसारख्या संस्थांतील लोक, स्थानिक इमाम आणि डॉक्टर या कामात आले. मशिदींतून फेरीची घोषणा होऊ लागली. सकाळी मुलांच्या ‘बुलावा टोळ्या’ गल्लीतून हाका घालत फिरू लागल्या. या सगळ्या कृती आकर्षक आहेत आणि त्यांचेच वर्णन नेहमी केले जाते, पण त्या सुचल्या याचे कारण उद्दिष्ट ‘नकाराची ही घरे’ इतके अचूक झाले होते. ज्याला पटवायचे तो माणूस ठाऊक झाल्यावर त्याच्याशी कोणी बोलायचे हे ठरवणे तुलनेने सोपे जाते.

यातून आराखड्यासाठी पहिला धडा निघतो तो सुरुवातीच्या पातळीचा. आज परिस्थिती कुठे आहे हे न मोजता ठरवलेले उद्दिष्ट म्हणजे केवळ इच्छा. ‘विश्वास वीस टक्क्यांनी वाढवणे’ असे लिहिणाऱ्याने आज तो किती आहे हे आधी सांगितले पाहिजे. यासाठी मोठे सर्वेक्षण आणि मोठा खर्चच लागतो हा समज खरा नाही. आपल्या नगरपरिषदेच्या उदाहरणात घंटागाडीवरील कामगाराने एक आठवडा घरांपुढे खुणा केल्या, तरी सुरुवातीची पातळी कळते. त्याच आठवड्यात कचरा एकत्र देणाऱ्या पंचवीस-तीस घरांत जाऊन कोणी नीट विचारले, तर कारणेही कळतात. कुणी म्हणेल दोन डबे ठेवायला जागा नाही, कुणी म्हणेल ओल्यात काय आणि सुक्यात काय ते समजत नाही, आणि पुष्कळजण म्हणतील की आम्ही वेगळा करून दिला तरी गाडीत तो एकत्रच टाकतात, हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो.

हे शेवटचे कारण निघाले तर जनसंपर्क अधिकाऱ्याने थांबले पाहिजे. गाडीत दोन कप्पे नसतील, तर वर्गीकरणाचा आग्रह धरणारे कोणतेही उद्दिष्ट लिहिणे हा नागरिकांवर अन्याय आहे, आणि ते साध्यही होणार नाही. जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ साली जनसंपर्काचे जे चार प्रकार मांडले, त्यांतील चौथ्या प्रकारात संस्था आणि लोक दोघेही एकमेकांचे ऐकून बदलतात. त्या विचाराचा उद्दिष्टांच्या दृष्टीने अर्थ असा, की आराखड्यातील काही उद्दिष्टे संस्थेने स्वतःत करायच्या बदलांची असू शकतात, किंबहुना असलीच पाहिजेत. ‘१५ जानेवारीपर्यंत प्रभाग ३ च्या दोन्ही घंटागाड्यांत वेगळे कप्पे बसवणे’ हे आरोग्य विभागाचे काम आहे, पण ते झाल्याशिवाय आपले ३०० घरांचे उद्दिष्ट सुरूच होत नाही, हे लेखी मांडण्याची जबाबदारी जनसंपर्काची आहे.

पोलिओतही हेच घडले, आणि तिथे ते अधिक गंभीर होते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधील काही भागांत अनेक डोस घेतलेल्या मुलांनाही पोलिओ होत होता. तिथे अडचण नकाराची नव्हती. अस्वच्छता, दाट वस्ती आणि वरचेवर होणारे जुलाब यांमुळे तोंडावाटे दिलेल्या लशीचा परिणाम त्या मुलांच्या आतड्यांत पुरेसा होत नव्हता. २००९ साली सर्वाधिक जोखमीचे १०७ विकासगट निवडले गेले, ६६ उत्तर प्रदेशातील आणि ४१ बिहारमधील, आणि तेथील संवादात लशीबरोबरच हात धुणे, बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध देणे, जुलाबांवर क्षारसंजीवनी आणि झिंक देणे या गोष्टी आल्या. ज्या घरांनी ‘फक्त पोलिओच का’ असे विचारले होते, त्यांना मिळालेले हे काही प्रमाणात उत्तरही होते. तरीही केवळ संवादाने हा प्रश्न सुटला नसता. जानेवारी २०१० पासून विषाणूच्या दोन प्रकारांवर एकाच वेळी काम करणारी सुधारित लस वापरात आली, आणि २००९ सालच्या ७४१ रुग्णांवरून २०१० साली संख्या ४२ वर आली. या घटीचे सगळे श्रेय संवादाकडे घेणे चुकीचे ठरले असते, जसे आधीच्या अपयशाचे सगळे खापर त्याच्यावर फोडणे चुकीचे होते. जनसंपर्काचे उद्दिष्ट हे ध्येयातील आपल्या वाट्याचा तुकडा असते. संवादाने जेवढे बदलू शकते तेवढेच त्यात लिहावे. जाहिरात क्षेत्रात रसेल कॉली यांनी १९६१ सालीच हे सांगितले होते, की विक्री अनेक कारणांनी वर-खाली होते, म्हणून संवादाचे उद्दिष्ट विक्रीच्या आकड्यात न मांडता लोकांना काय कळले, काय पटले या भाषेत मांडावे.

उद्दिष्टांविषयी बोलताना ‘स्मार्ट’ (SMART) या पाच इंग्रजी अक्षरांच्या सूत्राचा उल्लेख होतोच. जॉर्ज डोरन यांनी ते नोव्हेंबर १९८१ मध्ये एका व्यवस्थापनविषयक नियतकालिकातील छोट्या लेखात मांडले. आज आपण त्या पाच अक्षरांचा अर्थ साधारणपणे नेमके, मोजता येणारे, साध्य होणारे, सुसंगत आणि कालबद्ध असा शिकवतो. डोरन यांच्या मूळ लेखात मात्र तिसऱ्या अक्षराचा अर्थ ‘साध्य होणारे’ असा नव्हता. हे काम कोण करणार हे ठरवून सोपवता येणारे, असा होता. पुढे हा अर्थ मागे पडला याचे मला वाईट वाटते, कारण आपल्या आराखड्यांत नेमकी हीच गोष्ट हरवलेली असते. ‘करण्यात येईल’, ‘राबवण्यात येईल’ अशा कर्त्याविना क्रियापदांनी पाने भरतात. प्रभाग ३ च्या ३०० घरांचा हिशेब दर सोमवारी कोणाकडे मागायचा, हे त्या व्यक्तीच्या पदासह लिहिलेले नसेल, तर तो हिशेब कोणाकडेच नसतो.

आता उरतो आकड्याचा प्रश्न. ३०० का, ४०० का नाही? प्रामाणिक उत्तर असे, की पहिल्या वर्षी हा अंदाजच असतो, परंतु तो आधार असलेला अंदाज असावा. दोन गल्ल्यांत महिनाभर प्रयोग करून पाहिला आणि चाळीस घरांपैकी बावीस बदलली, तर निम्म्या घरांचे उद्दिष्ट मागता येते. आकडा वरिष्ठांना खूश करण्यासाठी फुगवला जातो किंवा अपयशाच्या भीतीने इतका लहान ठेवला जातो, की तो आपोआप गाठला जावा. दोन्हींमुळे मोजण्याचा उपयोगच संपतो. शिवाय नोंद ठेवणाऱ्याला आकड्याचे भय वाटू लागले, तर नोंदच खोटी होते. दारावर ‘एक्स’ टाकल्याबद्दल पथकाला बोलणी बसली असती, तर भिंतींवर ‘पी’ची संख्या वाढली असती आणि मुले तशीच राहिली असती. म्हणूनच त्या घरांवर पुन्हा जाणारे वेगळे पथक असे, स्वतंत्र पाहणी असे, आणि बूथवर डोस दिलेल्या मुलाच्या करंगळीवर शाईची खूण असे. ध्येयाची परीक्षा तर त्याहूनही स्वतंत्र ठेवली होती. मुंबईत २००१ सालापासून सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणूचा शोध घेतला जाई, म्हणजे एकही मूल आजारी नसले तरी शहरात विषाणू फिरतो आहे का हे कळे, आणि ते कळण्यासाठी मोहीम राबवणाऱ्यांच्या अहवालावर अवलंबून राहावे लागत नसे.

उद्दिष्ट चुकले तर काय, ही भीती मला समजते, कारण संदिग्ध वाक्ये बहुधा त्याच भीतीतून लिहिली जातात. १९८८ च्या ठरावातील २००० सालची मुदत जगाने चुकवली. भारतात २००५ साली रुग्ण ६६ पर्यंत खाली आले होते आणि दुसऱ्याच वर्षी ते ६७६ झाले. त्या वेळी ध्येय सोडले गेले नाही आणि उद्दिष्टेही गोलमोल केली गेली नाहीत. कोणत्या विकासगटात, कोणत्या वयाची, कोणत्या कारणाने मुले सुटतात हे पुन्हा मोजून नवी उद्दिष्टे लिहिली गेली. वीटभट्टीवरच्या आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले याद्यांत आली, रेल्वे स्थानकांवर बूथ लागले, नवजात बाळांची वेगळी नोंद झाली. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि त्यानंतर तीन वर्षे एकही रुग्ण न आढळल्यावर २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाबरोबर भारतालाही पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मोहल्ल्यातील त्या बायकांचे काम तेवढ्याने थांबले नाही. विषाणू बाहेरून पुन्हा येऊ नये म्हणून फेऱ्या चालू राहिल्या, आणि ज्या वह्यांत पूर्वी पोलिओच्या थेंबांची नोंद होती, त्यांत बाळाच्या इतर नियमित लशींचा पाठपुरावाही सुरू झाला.